डिस्पेन्सरीतली सांबारवडी

न्यू जर्सीत दुकानातल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या बंद झाल्या आणि घरोघरी कापडी पिशव्यांचा डोंगर साचला. दर वेळी पिशवी न्यायला विसरायचं, दर वेळी नवी विकत घ्यायची. आमच्या क्लॉझेटचं दार आता खांदा लावून बंद करावं लागतं. माझ्या नोकरीतल्या किश्श्यांचं तसंच झालंय. रोज एक घेऊन घरी येते आणि टाकवत एकही नाही. भिशीला मैत्रिणी म्हणतात, "शैला, लिहून काढ बाई, नाहीतर आमचा चहा गार होतो." म्हणून आज थोड्या पिशव्या बाहेर काढते.

* * *

आधी नोकरी कशी लागली ते.

आयसेलिनच्या ज्या ग्रोसरीत मी काउंटरला होते ती बंद झाली. त्याच सुमारास पिस्कॅटवेजवळ हायवेला एक पाटी दिसली, 'मेडिकल डिस्पेन्सरी. रिसेप्शनला माणूस पाहिजे.' आता तुम्हीच सांगा, आपल्याकडे डिस्पेन्सरी म्हणजे काय? डॉक्टरांचा दवाखाना! बाकावर खोकणारी माणसं, आत कंपाउंडर, बाटलीवर डोसाच्या खुणांची कागदी पट्टी. मी बारावी शिकलेली. नंबर लावण्यापुरतं इंग्रजी येतं. केला अर्ज.

मुलाखत केविननं घेतली. हा आमचा मॅनेजर. दोन्ही हातांवर टॅटू, स्वभाव लोण्यासारखा.

"प्लँट्सचा काही अनुभव?" त्यानं विचारलं.

मला वाटलं, दवाखान्यात कुंड्या असतील. मी म्हटलं, "खूप! उन्हाळ्यात डेकवर ठेवते, थंडी पडली की घरात घेते. वर दिवा लावते, पाणी बेतानं घालते. एवढ्या वर्षांत एक रोप मरू दिलं नाही."

केविन खुर्चीत पुढे सरकला. "घरात? दिव्याखाली? कुठली जात?"

"दोन आहेत," मी म्हटलं. "एक कृष्ण, एक राम."

त्यानं आवाज एकदम खाली आणला. "घरी लावणं या राज्यात गुन्हा आहे, म्हणून मी हे ऐकलंच नाही. पण या दोन जाती मी खरंच कधी ऐकल्या नव्हत्या!"

तुळशीच्या जोरावर मी गांजाच्या दुकानात लागले.

* * *

कामाला लागल्यावर कळलं की हा माल राज्याच्या कायद्यानं औषध आहे आणि देशाच्या कायद्यानं गुन्हा. म्हणजे आमच्या पायरीवर उभा असलेला माणूस एकाच वेळी पेशंटही असतो आणि आरोपीही. या दोन्हींमधून दुकान वाचवायला डेनिस नावाची बाई ठेवली आहे. ती कम्प्लायन्स ऑफिसर, म्हणजे नियम पाळले जातात का ते बघणारी. माणूस आत आला की डेनिसला आधी नियम दिसतो, मग माणूस.

पहिल्याच आठवड्यात एका फाटक्या पाकिटातून एक गमी खाली पडली. गमी म्हणजे गोळीऐवजी चघळायचा औषधी जेलीचा तुकडा. मी टिश्यूनं उचलायला वाकले तर डेनिस ओरडली, "हात लावू नकोस!"

मग दोन माणसं हातमोजे घालून आली. गमीचं वजन केलं. कॅमेऱ्यासमोर ती ठेचली, बादलीत कॅट लिटर, म्हणजे मांजराच्या शीच्या डब्यात घालतात ती माती, तिच्यात कालवली. दोघांनी सह्या केल्या. का, तर बाहेर कुणी कचऱ्यातून काढून खाऊ नये!

सगळे इतके गंभीर उभे होते की मी सवयीनं हात जोडले.

* * *

आमच्याकडे प्रायव्हसी फार. आडनाव पुकारायचं नाही, फक्त पहिलं नाव. आणि राज्याचं पेशंट कार्ड असल्याशिवाय वेटिंग रूममध्ये कुणालाही सोडायचं नाही, मग तो पेशंटचा सख्खा नवरा का असेना.

एका शनिवारी एक मराठी काका टोपी डोळ्यांवर ओढून येऊन बसले. थोड्या वेळानं दुसरे आले, काळा चष्मा लावून. दोघं एकाच मंडळाचे. एक माजी अध्यक्ष, एक आजी अध्यक्ष. मंडळाच्या निवडणुकीपासून एकमेकांशी बोलत नव्हते. टोपीला चष्मा दिसला नाही आणि चष्म्याला टोपी.

मी दार उघडून पुकारलं, "प्रकाश!"

दोघंही उठले.

"तू इथे?"

"मी... मी हिला सोडायला आलोय. आत आहे ती."

"हो, हो. मीही हिलाच."

मी भोळेपणानं डेनिसला सांगितलं, यांच्या बायका आत आहेत म्हणे. डेनिसनं आत डोकावून पाहिलं आणि खणखणीत आवाजात जाहीर केलं, "आत एकही बाई नाही!"

दोघं खाली बसले. टोपी निघाली, चष्माही निघाला. मग माजी अध्यक्ष हळूच म्हणाले, "गुडघा?"

"कंबर. तुझं?"

"झोप लागत नाही रे."

मंडळात तेव्हापासून समेट झालाय. मीटिंगला दोघं शेजारी बसतात आणि जमाखर्च वाचला तरी हसतात, म्हणे!

* * *

सिंधूमावशी आल्या तेव्हापासून मात्र माझं हसणं जरा बदललं.

मावशी नागपूरच्या. तिथे मेडिकल कॉलेजच्या पोरांसाठी त्यांनी आयुष्यभर खानावळ चालवली. आता कॅन्सरची केमो चालू होती आणि पोटात काही ठरत नव्हतं. "अर्ध्या विदर्भाचे डॉक्टर माझ्या पोळीवर मोठे झाले गं," त्या पहिल्या दिवशी म्हणाल्या, "आणि आता वरणाचा नुसता वास आला तरी माझ्या पोटात ढवळून येते." हाताची कातडी हाडाला चिकटलेली. त्यांच्या इथल्या डॉक्टरीण बाईंनी सांगितलं होतं, वजन आणखी उतरलं तर केमो थांबवावी लागेल. म्हणून हे कार्ड. कार्डाशिवाय विकणारी दुकानंही आता झाली आहेत, पण मावशींचं म्हणणं, "मी डॉक्टरच्या सांगण्यावरून घेऊन राहिली, शौकानं नाही. मला कार्डच पाहिजे."

मावशी अमेरिकेच्या सिटिझन. थोरली मुलगी कॅरी नावाच्या गावी असते, ती सिटिझन, तिनं आईला बोलावून घेतलं. पण मावशी राहतात पिस्कॅटवेला मुलाकडे, अमोलकडे. आणि तो अजून व्हिसावर! ग्रीन कार्डच्या लाइनीत उभ्या उभ्या त्याचे केस पांढरे झाले. "सरकारच्या हिशोबात मी इथली आणि माझा पोरगा पाहुणा," मावशी म्हणायच्या. "पाहुण्याच्या घरी राहून राहिली मी!"

अमोलला वकिलानं बजावलं होतं की या मालाच्या जवळपासही फिरकायचं नाही, नाहीतर ग्रीन कार्ड विसरा. त्यामुळे आईच्या नावावर औषध न्यायला त्याला नाव नोंदवता येईना. तो आमच्या पार्किंगमध्येही गाडी लावायचा नाही. समोरच्या गाद्यांच्या दुकानापाशी उभा राहायचा. मावशी काठी टेकत एकट्या रस्ता ओलांडायच्या आणि तो तिकडून बघत राहायचा.

एकदा मी कामावर येताना त्यानं मला तिथे गाठलं. "ताई, आईच्या पर्समध्ये ते आहे आणि पर्स माझ्या गाडीत, म्हणजे कायद्यानं ते माझ्याकडे आहे असं होतं का हो?"

मी डेनिसला विचारलं. ती म्हणाली, "मी त्याची वकील नाही."

मग त्यांनी तोडगा काढला. औषध घेतलं की मावशी टॅक्सीनं घरी जायच्या आणि अमोल आपली गाडी घेऊन टॅक्सीच्या मागोमाग. पुढे आई, मागे मुलगा. प्रत्येक सिग्नलला तो शेजारच्या लेनमध्ये येऊन काच खाली करायचा आणि खुणेनं विचारायचा, उलटी तर होत नाहीये ना?

* * *

मावशींची पहिली पिशवी घरी गेली आणि दुसऱ्या दिवशी तिच्यासकट मावशी परत आल्या. "उघडत नाही ही!"

आमच्या पिशव्या लहान मुलांना उघडता येऊ नयेत अशा बनवलेल्या असतात. एका कोपऱ्यात चिमटा घ्यायचा, दुसरीकडे दाबायचं, मग ओढायचं. केमोनं मावशींच्या बोटांना मुंग्या यायच्या. अमोल हात लावेना. सून लावेना, तीही त्याच्याच व्हिसावर. रात्री मळमळ सुरू झाली तेव्हा घरात औषध होतं आणि ते तोंडापर्यंत पोचवणारं कुणी नव्हतं.

मी आमच्याकडची कात्री पुढे केली तर डेनिस म्हणाली, "दुकानात उघडायचं नाही."

पुढच्या खेपेला मावशी आल्या त्या हसत. "आता काही अडचण नाही. उघडणारं माणूस मिळालं."

"कोण?" मी भाषांतर करताच डेनिसनं विचारलं.

"माझी नात. पहिलीत आहे. म्हणते, 'आजी, it's so easy!'"

डेनिसनं दोन्ही कानांवर हात ठेवले. "शैला, तिला सांग, हे मी ऐकलंच नाही!"

आमच्या दुकानात न ऐकलेल्या गोष्टींचं एक गोडाऊन भरेल.

* * *

मला सवय आहे, माणूस निघाला की "बरं वाटेल हं" म्हणायची. इथे इंग्रजीत म्हणायचे, "यू विल फील बेटर." डेनिसनं मला बाजूला घेतलं. "असं म्हणायचं नाही. तो मेडिकल क्लेम होतो, म्हणजे मालानं बरं वाटेलच असा दावा."

"पण हे मेडिकलच आहे ना?"

"मेडिकल आहे म्हणूनच!"

त्याऐवजी निघणाऱ्या प्रत्येकाला "सी यू अगेन सून!" म्हणायचं, अशी हेड ऑफिसची सक्ती. आता हे माझ्या तोंडून कसं निघणार? दवाखान्यातून निघालेल्या माणसाला 'पुन्हा लवकर या' कुणी म्हणतं का? हेड ऑफिसनं खोटा पेशंट पाठवून आमची परीक्षा घेतली आणि माझ्यामुळे दुकानाचे मार्क कापले गेले.

"मग तू काय म्हणशील?" डेनिस वैतागून म्हणाली.

मी विचार केला. 'नीट जा' म्हणावं तर आपल्यात नुसतं 'जा'ही म्हणत नाहीत. शेवटी म्हटलं, "हॅव अ नाइस डे?"

डेनिस गंभीर झाली. "दिवस चांगला जाईल हे आपण सुचवू शकतो का, ते लीगल डिपार्टमेंटला विचारते."

लीगलचं उत्तर अजून आलेलं नाही.

मावशींची तऱ्हा वेगळीच. त्या निघताना दारातून म्हणायच्या, "येते गं, शैला."

"मावशी, इथे तरी येते म्हणू नका हो!"

"मग काय म्हणू? जाते म्हणू? या दुखण्यात?"

पुन्हा कधी टोकलं नाही मी त्यांना.

* * *

माझ्या टेबलावर मी एक छोटा गणपती ठेवला होता. पितळेचा, लिंबाएवढा. महिनाभर कुणाच्या नजरेत आला नाही. मग एके दिवशी डेनिसनं पाहिला.

"हे कुठलं कार्टून?"

आमच्या धंद्यात कार्टूनला बंदी आहे. मुलांना आवडेल असं प्राण्याचं चित्र, बाहुली, काहीही चालत नाही. आणि हा तर हत्ती!

मी शांतपणे सांगितलं, "कार्टून नाही, देव आहे. वाटेतले अडथळे दूर करतो."

मावशी खुर्चीवर बसून ऐकत होत्या. म्हणाल्या, "अडथळे दूर करते? मग याला इथं कोण नोकरी देईन?"

मी भाषांतर केलं नाही. गणपती आता ड्रॉवरमध्ये असतो.

* * *

कॅरीला थोरल्या मुलीच्या घरी बारसं होतं. तिला नातू, म्हणजे मावशींना पणतू झालेला. कॅरी नॉर्थ कॅरोलायनात, आणि तिथे आमचं हे औषध चालत नाही. मुळात कुठल्याच राज्याची हद्द ओलांडून ते नेता येत नाही.

मावशी समजून घ्यायला डेनिससमोर बसल्या. मी मधे दुभाषी.

"इथं हे काय आहे?"

"औषध."

"आणि तिथं?"

"गुन्हा."

"रस्त्यात बदलते कुठं?"

"राज्याच्या हद्दीवर," डेनिस म्हणाली.

मावशींनी मान हलवली. "बरं. मग माझी मळमळ पण तिथंच उतरून जाते का?"

हे मात्र मी शब्दन् शब्द सांगितलं. डेनिस नियमांची फाइल चाळू लागली. मळमळीसाठी नियमच नव्हता बहुतेक.

मावशी बारशाला गेल्या नाहीत. फोनच्या पडद्यावर पाळणा पाहिला. सोबत चार घास खाल्ले का, म्हणून मी विचारलं. म्हणाल्या, "दोन चमचे भाताची पेज. तीही भेत भेत."

* * *

आणि आता ही शेवटची पिशवी.

त्या दिवशी मावशी आल्या त्या पाठ जरा ताठ करून. काठी होती, पण टेकत नव्हत्या. काउंटरवर स्टीलचा डबा ठेवला.

"सांबारवडी आणली तुमच्यासाठी. सुनेनं तळली, पण सारण माझ्या हातचं. कित्येक महिन्यांनी हात चालला गं. मी चाखली नाही अजून. पोटात राहीन का नाही, भेव वाटते. पण तुम्ही खा."

मी मूळची साताऱ्याची. मला सांबार म्हणजे इडलीबरोबरचं सूप, आणि तसं मी बोललेही! डब्यात तर आमटीचा थेंब नव्हता. मग मावशींनी सांगितलं, नागपूरकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात.

हे बोलणं होईपर्यंत मी डबा उघडला होता आणि एका वडीचं टोक फुटून हिरवा चुरा काउंटरवर सांडला होता. मागे उभी राहून ऐकत असलेली डेनिस नेमकी पुढे आली.

"हे हिरवं काय आहे?"

"कोथिंबीर," मी म्हटलं. "सिलांट्रो."

"ती म्हणाली सांबार."

"सांबार म्हणजेच कोथिंबीर."

"मघाशी तूच तिला म्हणालीस की सांबार म्हणजे सूप!"

एवढं मराठी तिला नेमकं त्याच दिवशी कळलं होतं.

डेनिसनं हातमोजे चढवले. "बाहेरून आलेला, ओळख न पटलेला हिरवा पदार्थ. सिद्ध होईपर्यंत तो माल समजायचा. आणि इथे वास घेऊन बघायचं नाही, खाऊन बघायचं नाही." केविन मधे पडला, "डेनिस, अगं कोथिंबीर आहे ती!" ती म्हणाली, "वर चार कॅमेरे आहेत, केविन. त्यांना कोथिंबीर कळत नाही." आणि ती बादली घेऊन आली.

मावशींनी बादलीत वाकून पाहिलं. "ही काय माती?"

सांगू नये असं वाटलं, पण मला खोटं बोलता येत नाही. "मांजराच्या शीच्या डब्यातली, मावशी. तिच्यात कालवून टाकतात."

"माझी वडी?"

मी मान हलवली.

मावशी उभ्या राहिल्या. त्यांनी डबा आपल्याकडे ओढला. डेनिस म्हणाली, "मॅम, प्लीज!" मावशींनी तिच्या डोळ्याला डोळा लावला, एक वडी उचलली आणि कचकन चावली.

"मॅम! आवारात काहीही खायचं नाही!"

मावशी चावत होत्या. मी त्यांच्या गळ्याकडे बघत होते. केविनही. घास खाली उतरला. आम्ही थांबलो. मावशीही थांबल्या, एक हात पोटावर ठेवून, आतून काही वर येतंय का ऐकत असल्यासारख्या.

काही आलं नाही.

त्यांनी दुसरी वडी उचलली. "मीठ कमी पडलं," म्हणाल्या, आणि तीही खाल्ली. मग तिसरी.

बाहेरच्या काचेच्या दारावर कुणीतरी थाप मारली. अमोल! आईला उशीर झाला म्हणून तो गाद्यांच्या दुकानापासून रस्ता ओलांडून आला होता आणि काचेला नाक लावून आत बघत होता. ते दार माझ्या टेबलावरच्या बटणानं उघडतं. आयडी पाहिल्याशिवाय बटण दाबायचं नाही, हा माझ्या नोकरीतला पहिला नियम. मी आजवर दुकानाच्या मालकालाही आयडीशिवाय आत घेतलेलं नाही.

मी बटण दाबलं.

अमोल उंबऱ्यावर क्षणभर अडखळला आणि मग आत आला. "आई, तू खाल्लंस?"

"सर! आयडी!" डेनिस ओरडली. "तुम्ही पेशंट आहात का? सर, तुम्ही इथे उभे राहू शकत नाही!"

मावशींनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. डब्यातली वडी घेतली, तिचा मोडलेला कोपरा नीट दाबला आणि मुलाच्या तोंडासमोर धरली.

"खा रे. हिला सिटिझन नसलं तरी चालते."

आणि त्या चाळिशीच्या पोरानं, चार कॅमेऱ्यांखाली उभं राहून, आ केला.